पिल्लांच्या आतड्यातील रोगप्रतिकारशक्ती: पहिल्या चार आठवड्यांत काय करावे

राऊ, देपालपूर, सांवेर किंवा महूच्या बाजूला थोडी शेती असलेली इंदूरची अनेक मराठी कुटुंबे आता शे-दोनशे एकदिवसीय पिल्ले आणून कुक्कुटपालन करू लागली आहेत. कोणी ब्रॉयलर आणतात, कोणी झाबुआकडची कडकनाथ. पिल्ले आणल्यावर पहिला प्रश्न बहुधा औषधाचा विचारला जातो: कोणत्या दिवशी कोणते औषध पाण्यात घालायचे? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पिल्लाच्या आतड्यात रोगाशी लढणाऱ्या पेशींचे एक संपूर्ण दल पहिल्या तीन-चार आठवड्यांत उभे राहत असते, त्या उभारणीला स्वतःचे वेळापत्रक असते, आणि पालकाचे बहुतेक काम त्या वेळापत्रकाच्या आड न येता त्याला लागेल ते वेळेवर पुरवण्याचे असते. ही मार्गदर्शिका त्या क्रमानेच लिहिली आहे.

आतड्यात काय घडत असते

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ निर्जंतुक असते आणि पचनाच्या दृष्टीनेही अर्धवट तयार असते. पहिल्या आठवड्यात लहान आतड्याची वाढ उरलेल्या शरीराच्या वाढीपेक्षा वेगाने होते, आतल्या अस्तरावरील रसांकुर (बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) उंच होतात आणि त्यांच्यामध्ये श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी वाढतात. हाच श्लेष्मा रोगजंतूंपुढचा पहिला अडथळा असतो. त्याच्या जोडीला जन्मजात प्रतिकाराचे घटक, म्हणजे हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, भक्षक पेशी आणि जंतूंना मारणारी लहान प्रथिने, हे सुरुवातीपासून कामावर असतात. मात्र त्यांना एका जंतूची ओळख धरून दुसऱ्या वेळी अधिक नेमका प्रतिकार करता येत नाही.

नेमका प्रतिकार करणाऱ्या पेशी दोन घराण्यांच्या असतात: टी आणि बी. टी पेशींचे पूर्वज अंड्यात असतानाच गळ्याजवळच्या थायमस ग्रंथीत तीन लाटांनी शिरतात, तेथे तयार होतात आणि पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच त्यांपैकी काही आतड्याच्या अस्तरात येऊन बसतात. कोंबडीत गॅमा-डेल्टा या प्रकारच्या टी पेशींचे प्रमाण माणसाच्या तुलनेत पुष्कळ जास्त असते आणि आतड्याच्या अस्तरात त्यांना महत्त्वाचे स्थान असते. परंतु पेशी तेथे असणे आणि ती काम करण्यास समर्थ असणे यांत अंतर आहे. आतड्यातील टी पेशींची कार्यक्षमता दोन टप्प्यांत येते: पहिला टप्पा पहिल्या आठवड्यात आणि दुसरा दुसऱ्या आठवड्यात. बी पेशींना प्रतिपिंडे (जंतूंना जखडणारी प्रथिने) बनवण्यासाठी टी पेशींची मदत लागते, त्यामुळे पिल्लाची स्वतःची प्रतिपिंडे या टप्प्यांच्या मागोमाग, म्हणजे पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून हळूहळू आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षणीय प्रमाणात तयार होऊ लागतात.

बी पेशींचे जन्मस्थान अस्थिमज्जा नसून बर्सा हा अवयव असणे ही पक्ष्यांची खासियत आहे. गुदद्वाराच्या वरच्या बाजूला, आतड्याच्या अगदी शेवटाशी जोडलेली ही पिशवी असते. तिच्या आत घड्या असतात आणि त्या घड्यांमध्ये सुमारे दहा हजार कूपिकांमध्ये बी पेशी वाढतात. पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापले गेले, तरी तिचे काम काय हे त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक यांनी पिल्ले असतानाच बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या टिमथी चँग या सहकाऱ्याने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी वापरल्या, तेव्हा त्या कोंबड्या प्रतिपिंडे बनवत नाहीत असे दिसून आले. हे निरीक्षण १९५६ मध्ये एका कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि बी व टी पेशी वेगळ्या आहेत या पुढच्या समजुतीचा पाया त्यातून घातला गेला.

पालकाच्या दृष्टीने बर्साची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बर्सा आतड्याला एका लहान नळीने जोडलेली असल्यामुळे गुदद्वाराच्या आकुंचन-प्रसरणाने बाहेरचे सूक्ष्म कण, जीवाणू आणि खाद्याचे अंश तिच्यात ओढले जातात, आणि त्यांच्या संपर्काने बी पेशींच्या वाढीला चालना मिळते. पिल्लू तुसाच्या किंवा भुशाच्या ज्या गादीवर बसते तिची प्रत थेट या अवयवापर्यंत पोचते, असे म्हटले तरी चालेल.

कोंबडीच्या शरीरात सस्तन प्राण्यांसारख्या लसिका गाठी नसतात. त्यामुळे आतड्याच्या भिंतीत जागोजागी जमलेल्या लसिका पेशींच्या (म्हणजे बी व टी पेशींच्या) वस्त्यांवर मोठी जबाबदारी येते. दोन आंधळी आतडी मुख्य आतड्याला मिळतात तेथील सीकल टॉन्सिल्स, लहान आतड्याच्या भिंतीतील पायर पट्टे आणि बलकपिशवीचा देठ उरतो तो मेकेलचा कोष या त्यांपैकी ठळक जागा आहेत. जन्माच्या वेळी त्या अगदी प्राथमिक अवस्थेत असतात, आणि आतड्यात जीवाणू व अन्न पोचू लागल्यावर त्यांची भरभराट होते. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांमध्ये प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशी फारच थोड्या आढळतात, यावरून जीवाणूंचा वाटा किती मोठा आहे ते कळते.

पिल्लाची स्वतःची प्रतिपिंडे तयार होईपर्यंतच्या काळाची सोय आई करून ठेवते. तिच्या रक्तातील आयजीवाय ही प्रतिपिंडे बलकातून पिल्लाच्या रक्तात जातात. आयजीए आणि आयजीएम अंड्याच्या पांढऱ्या भागातून गर्भाच्या पोटात जातात आणि पहिल्या काही दिवसांत आतड्याचे रक्षण करतात. मात्र हा साठा वाढत नाही, फक्त घटत जातो, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो नगण्य होतो. आईचे संरक्षण उतरत असते आणि स्वतःचे अजून पुरते चढलेले नसते, असा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यामधला काळ सर्वांत नाजूक असतो, आणि गंबोरो (बर्सावर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग) व रक्ती हगवण (कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींमुळे होणारी) हे दोन्ही रोग नेमके याच वयात डोके वर काढतात.

पिल्ले येण्यापूर्वी

उबवणी केंद्राला भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: मातृकळपाला, म्हणजे पिल्लांच्या आयांच्या कळपाला, गंबोरोची लस दिली आहे का, आणि पिल्लांना मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचली आहे का. व्यावसायिक ब्रॉयलरच्या मातृकळपाचे लसीकरण सहसा झालेले असते. कडकनाथ किंवा गावठी पिल्ले जेव्हा घरगुती कळपातून येतात तेव्हा आईच लस न घेतलेली असू शकते आणि मग पिल्लाला बलकातून फारसे काही मिळालेले नसते. ही माहिती पुढे लसीचा दिवस ठरवताना उपयोगी पडते. कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या पिल्लांचा व्यापार वाढला आहे, पण ‘देशी जात आहे, तिला काही होत नाही’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर लसीकरण सोडून देऊ नये.

शेडमधील जुनी गादी पूर्ण काढावी, जमीन धुऊन निर्जंतुक करावी, चुना मारावा आणि किमान दोन आठवडे शेड रिकामे ठेवावे. गंबोरोचा विषाणू अतिशय चिवट असून रिकाम्या शेडमध्ये महिनोन्महिने टिकतो, म्हणून या कामात घाई नको. नंतर भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुगा दोन ते तीन इंच जाडीने पसरावा. सोयाबीनचे भूस माळव्यात मुबलक मिळते, परंतु ते पावसाळ्यात साठवलेले असेल तर बुरशीची खात्री करून घेतल्याशिवाय वापरू नये. सुमारे दीड फूट उंचीचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कुंपण करावे. कोपरे ठेवू नयेत, कारण पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे साधन) पिल्ले येण्याच्या चोवीस तास आधी चालू करावा. हवा तासाभरात गरम होते, जमीन होत नाही.

पहिले अठ्ठेचाळीस तास

मला या मार्गदर्शिकेतील एकच भाग वाचायला सांगायचा असता तर मी हा सांगितला असता. बलकाच्या बळावर पिल्लू तीन दिवस अन्नपाण्याशिवाय जगू शकते, आणि त्याच कारणाने दूरच्या वाहतुकीची सवय या व्यवसायाला लागली आहे. जगते हे खरे. पण ज्या पिल्लांना पहिले दोन-तीन दिवस अन्न मिळत नाही त्यांच्या आतड्याच्या मागच्या भागातील लसिका पेशींची वस्ती आणि बर्साची वाढ पहिल्या दोन आठवड्यांत मागे पडते. अन्न आतड्यात उतरले की बलकाचा वापरही अधिक वेगाने होतो, म्हणजे आईची प्रतिपिंडे रक्तात येण्यासही मदत होते. म्हणून स्वस्त पिल्ले दूरच्या राज्यातून आणण्यापेक्षा जवळच्या केंद्रातून, उबवणीची वेळ विचारून, त्याच दिवशी आणलेली पिल्ले घेणे मी अधिक योग्य मानतो, मग नगामागे थोडे पैसे जास्त पडले तरी हरकत नाही.

पिल्ले पोचताच आधी पाणी द्यावे. ते थंडगार नसावे. ब्रूडरखाली काही तास ठेवलेले कोमट पाणी चांगले. काही पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवावी, बाकीची पाहून शिकतात. गुळाच्या पाण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि लांबून थकून आलेल्या पिल्लांना पहिले काही तास ते देण्यास हरकत नाही, परंतु दिवसभर गोड पाणी ठेवल्यास विष्ठा पातळ होते आणि गादी पहिल्याच दिवशी ओली होऊ लागते. पाण्याबरोबर लगेच खाद्य द्यावे. पूर्वी ‘आधी फक्त पाणी, खाद्य दुसऱ्या दिवशी’ असे सांगितले जाई. ते आता सोडून द्यावे. पहिल्या दिवशी तुसावर कागद अंथरून त्यावर बारीक खाद्य पसरावे, म्हणजे पावलांच्या आवाजाने पिल्ले आकर्षित होतात आणि तूस खात नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागद काढून टाकावा, कारण ओला कागद जंतूंना पोसतो आणि पायही घसरतात.

खाद्य पोचले की नाही हे तपासण्याची रीत सोपी आहे. पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी अलगद चाचपावी. ती भरलेली, मऊ आणि गोलसर लागली तर पिल्लाने खाद्य व पाणी दोन्ही घेतले आहे. टणक लागली तर पाणी कमी पडले आहे. फुगून पाणीदार लागली तर खाद्य कमी पडले आहे. शेडच्या वेगवेगळ्या भागांतून तीस-चाळीस पिल्ले घ्यावीत. आठ तासांनी त्यांपैकी किमान ऐंशी टक्के आणि चोवीस तासांनी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पिल्लांची पिशवी भरलेली असावी. तसे नसेल तर औषधाकडे न वळता उजेड, भांड्यांची संख्या आणि ऊब या तीन गोष्टी तपासाव्यात. दोष बहुतेक वेळा तेथेच सापडतो.

माळव्यातील ऊब

पिल्लाला सुरुवातीचे एक-दोन आठवडे स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. थंडीने ताण आला की शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे थायमस आणि बर्सा आक्रसतात, शिवाय पिल्ले खाद्याकडे न जाता एकत्र गोळा होऊन बसतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सियस तापमान ठेवावे आणि दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवावे. इंदूरला जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास जातो, पण माझा अनुभव असा की खरी गडबड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. दिवसा ऊन तापते, पालक पडदे उघडतो व बल्ब बंद करतो, आणि रात्री तापमान पंधरा अंशांनी खाली आलेले असते. ‘शबे-मालवा’, म्हणजे माळव्याची गार रात्र, माणसांना सुखद असली तरी आठवड्याच्या पिल्लांना नाही. हिवाळ्यात दर पिल्लामागे दोन वॉट आणि उन्हाळ्यात एक वॉट हा बल्बचा ढोबळ हिशेब आहे. वीज जाण्याची शक्यता धरून शेगडीची किंवा गॅस ब्रूडरची सोय असावी, मात्र धूर बाहेर जाण्यास वाट हवी.

तापमापकापेक्षा पिल्लांची वागणूक पाहावी. सर्वत्र सारखी पसरलेली आणि मंद किलबिलणारी पिल्ले सुखात आहेत असे समजावे. बल्बखाली दाटी आणि कर्कश ओरड म्हणजे थंडी. कुंपणाला चिकटून पंख सैल सोडून धापा म्हणजे उष्मा. सगळी एकाच बाजूला असतील तर झुळूक कोठून येते ते शोधावे. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहिले तरी कळते. पाय गार असतील तर जमीन गार आहे. पडदे मात्र पूर्ण बंद करू नयेत. अमोनियाने डोळ्यांना झोंबेपर्यंत थांबलो तर श्वसनमार्गाच्या अस्तराचे नुकसान आधीच होऊन गेलेले असते.

जीवाणू: कोणते यावेत, कोणते येऊ नयेत

कोंबडीखाली उबलेले पिल्लू आईच्या विष्ठेतून आणि अंगावरून तिच्या आतड्यातील जीवाणू पहिल्याच दिवशी घेते. यंत्रात उबलेल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे त्याचे आतडे मिळेल त्या जीवाणूला मोकळे असते. फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जीवाणू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेला या रोगजंतूला जागा मिळत नाही. हा प्रयोग घरी करू नये, हे आवर्जून सांगतो. प्रौढ कोंबडीच्या विष्ठेबरोबर साल्मोनेला, कॉक्सिडिया आणि इतर रोगजंतूही येतात. त्याऐवजी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुक्कुटांसाठी बनवलेले प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जीवाणूंचे मिश्रण) पहिल्या दिवसापासून द्यावे. घरचे ताक पातळ करून देणारे पुष्कळ आहेत; त्याने अपाय होतो असे नाही, परंतु ताकातील जीवाणू कोंबडीच्या आतड्यातील मूळ रहिवासी नव्हेत आणि भांडी आंबतात, तेव्हा त्यावर विसंबून राहू नये.

याच्या नेमके उलट काम पहिल्या आठवड्यात सरसकट प्रतिजैविक देण्याने होते. पिल्ले आली की तीन ते पाच दिवस पाण्यातून प्रतिजैविक द्यायचेच, ही प्रथा दुकानदार इतक्या सहजपणे सांगतात की ती लसीकरणासारखीच आवश्यक वाटू लागते. वस्तुतः ज्या दिवसांत आतड्यात चांगले जीवाणू स्थिरावून लसिका पेशींना जागे करत असतात, त्याच दिवसांत आपण त्यांना मारत असतो. नाभीचा संसर्ग किंवा साल्मोनेलाचे निदान झाले तर पशुवैद्यक जे देतील ते जरूर द्यावे. निदानाशिवाय देऊ नये. कोलिस्टिन हे औषध तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे, त्यामुळे जुनी पाकिटे कोणी देऊ केल्यास नाकारावीत.

खाद्य

पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात प्रथिने २२ ते २३ टक्के असावीत. तयार खाद्य विकत घेणाऱ्यांना येथे फार करण्यासारखे नाही; घरी दळणाऱ्यांना आहे. इंदूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ असल्यामुळे कच्चे सोयाबीन भरडून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. ते उष्णतेने निष्प्रभ होतात. न पचलेली प्रथिने आतड्याच्या मागच्या भागात जाऊन घातक जीवाणूंचे खाद्य बनतात आणि अस्तराला सूज येते. म्हणून उष्णता दिलेली सोया डीओसीच (तेल काढून उरलेली पेंड) वापरावी, आणि ती घेताना करपलेली तर नाही ना हे रंगावरून पाहावे, कारण अति भाजल्यानेही प्रथिनांची प्रत घसरते.

मक्याबाबत अधिक सावधगिरी हवी. ओल्या मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून निघणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताबरोबर थायमस आणि बर्सालाही इजा करते, आणि पुढे लस देऊनही प्रतिकारशक्ती येत नाही. मका १२ ते १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला असावा, पोती भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि पावसाळ्यात आठवड्याभराचेच खाद्य दळावे. जीवनसत्त्व अ कमी पडले तर आतड्याचे अस्तर आणि श्लेष्मा दोन्ही बिघडतात. चांगल्या प्रतीचे व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण ठरलेल्या प्रमाणात घातले की यापुढे वेगळे टॉनिक सहसा लागत नाही.

लसी आणि त्यांचे दिवस

राणीखेत या विषाणूजन्य रोगाची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब घालून द्यावी. डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते आणि तिच्यात प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी जमतात, त्यामुळे थेंबाची पद्धत लहान कळपात पाण्याच्या पद्धतीपेक्षा खात्रीची ठरते. थेंब आत शोषला जाईपर्यंत पिल्लू हातातून सोडू नये.

गंबोरोच्या लसीचा दिवस ठरवणे अवघड असते, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या मातृप्रतिपिंडांत आहे. लस लवकर दिली तर आईची प्रतिपिंडे लसीतील विषाणूच निष्प्रभ करतात. उशिरा दिली तर शेडमधील रोगाचा विषाणू आधी पोचतो. मातृकळपाचे लसीकरण झालेले असेल तर सामान्यतः बाराव्या ते चौदाव्या दिवशी पहिली मात्रा आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसरी मात्रा देतात. लस न घेतलेल्या आईची पिल्ले असतील तर पशुवैद्यकाला तसे सांगून दिवस अलीकडे आणावा. या रोगाबद्दल एक गैरसमज असा की पिल्ले मेली नाहीत म्हणजे गंबोरो आला नाही. हा विषाणू बर्सातील वाढत्या बी पेशींना मारतो. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात त्याने मरतूक होते, पण तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर पिल्लू फारसे आजारी दिसतही नाही आणि बर्सा मात्र कायमची निकामी होते. मग पुढे राणीखेतची लस लागू पडत नाही, हगवण थांबत नाही, आणि पालक लसीच्या कंपनीला दोष देत बसतो.

पाण्यातून लस द्यायची असल्यास इंदूरकरांनी एक गोष्ट विसरू नये: नळाने येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जिवंत लसीला मारते. लसीच्या आदल्या दिवसापासून क्लोरीनविरहित पाणी वापरावे आणि लसीच्या पाण्यात दर लिटरला सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी. पिल्लांना आधी तास-दीड तास तहानलेले ठेवावे आणि लसीचे पाणी दोन तासांत संपेल इतकेच ठेवावे. हे काम सकाळी लवकर उरकावे. लस २ ते ८ अंशांत, बर्फासह थर्मासमध्ये आणावी; दुकानापासून स्कूटरच्या डिकीत मे महिन्याच्या दुपारी आलेली लस देण्यात अर्थ नाही.

रक्ती हगवण आणि ओल

कॉक्सिडियाच्या सात जाती कोंबडीच्या आतड्यात राहतात. त्यांपैकी आयमेरिया टेनेला आंधळ्या आतड्यांत रक्तस्राव घडवते. येथे उद्देश रोगजंतू पूर्ण टाळण्याचा नसून थोडे-थोडे भेटू देण्याचा असतो. या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती मुख्यतः आतड्यातील टी पेशींची असते, ती प्रत्येक जातीसाठी वेगळी तयार होते, आणि जंतूंच्या दोन-तीन जीवनचक्रांनंतर, म्हणजे तीन-चार आठवड्यांत, पक्की होते. विष्ठेतील बीजांड उबदार आणि ओलसर गादीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होते, त्यामुळे जंतूची मात्रा किती असावी हे प्रत्यक्षात गादीच्या ओलाव्यावर ठरते. मूठभर गादी दाबून पाहावी: गोळा बनला आणि सोडताच फुटला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. पाण्याच्या भांड्यांखालची गादी रोज हलवावी, ओले ढेकूळ बाहेर टाकावे, आणि भांड्याची कड पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवावी. माळव्याच्या पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले तर गादीत चुना मिसळून ती वरचेवर उलथावी लागते.

खाद्यात कॉक्सिडियारोधक औषध असेल तर त्यावर वेगळे औषध चढवू नये. आणि जिवंत कॉक्सिडिया लस दिली असेल तर असे औषध असलेले खाद्य देऊ नये, नाहीतर लस वाया जाते.

मेलेल्या पिल्लाकडून शिकणे

एखादे पिल्लू मेले तर ते उघडून पाहणे उपयोगाचे असते, परंतु एकाएकी बरीच पिल्ले मेली, तुरे-चेहरे निळसर सुजले किंवा परिसरात कावळे मरून पडले असतील तर हात लावू नये आणि पशुपालन विभागाला कळवावे. २०२० संपून २०२१ सुरू होत असताना इंदुरातच मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता आणि त्याची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने केली होती.

साधी, तुरळक मरतूक असेल तर हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून, शेडपासून दूर पाहावे. बर्सा गुदद्वाराच्या वर, पाठीच्या कण्याच्या बाजूला, लहान बोरासारखी गोल दिसते. पहिल्या चार-पाच आठवड्यांत ती प्लीहेपेक्षा मोठी असायला हवी. ती सुजून पिवळसर, चिकट आवरणाने वेढलेली असेल तर ताजा गंबोरो असू शकतो. प्लीहेपेक्षा लहान आणि सुरकुतलेली असेल तर लागण होऊन गेली असावी किंवा खाद्यातील विषाचा संशय घ्यावा. आंधळी आतडी रक्ताने भरलेली आहेत का, आणि पहिल्या आठवड्यातील पिल्लात बलकपिशवी न शोषता दुर्गंधीयुक्त झाली आहे का, हे पाहावे. बलक तसाच असेल तर पहिल्या दोन दिवसांच्या उबेत किंवा उबवणी केंद्राच्या स्वच्छतेत दोष आहे.

नक्की निदान मात्र प्रयोगशाळेतच होते. आपल्यासाठी सर्वांत जवळची जागा म्हणजे महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते १९५५ पासून चालू आहे. तेथे नुकतेच मेलेले किंवा मरणासन्न पिल्लू दुहेरी प्लास्टिक पिशवीत, बर्फावर ठेवून न्यावे, गोठवू नये, कारण गोठल्याने ऊती फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखता येत नाहीत. बरोबर एका कागदावर पिल्लांचे वय, उबवणीची तारीख, मातृकळपाच्या लसीची माहिती, दिलेल्या लसी व त्यांचे दिवस, वापरलेली औषधे, खाद्याचा स्रोत आणि रोजची मरतूक लिहून द्यावी. खाद्याचा पाव किलो नमुनाही वेगळ्या कोरड्या पिशवीत द्यावा.